दिवाळीतली भरलेली विहीर बघून विसार देऊ नका

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. म्हणजे असं आहे की तुम्ही दोघं पुण्यात नोकरीला, साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात सव्वातीन एकर रान बघून ठेवलंय, त्यात विहिरीचा निम्मा हिस्सा, दगडमातीचं जुनं कौलारू घर आणि बांधाला आंब्याची झाडं. दाजींच्या घरची शेती कधीच विकून झालीय, तुमचं नाव मात्र वडील गेल्यावर शिराळ्याच्या सातबाऱ्यावर वारसानं लागलंय आणि आता भाऊ हक्कसोड, म्हणजे तुमचा हिस्सा सोडल्याचा कागद, मागतोय. रान दिवाळीत बघितलंत, विहीर तुडुंब होती. मालक ३२ लाख म्हणतोय, तुमची जमवाजमव ३८ ची. आणि विचारताय की भाव बरोबर आहे का, घेतल्यावर आधी घर नीट करायचं का ठिबक, पहिल्याच वर्षी आलं लावायचं का, आणि दोन गाई घ्यायच्या का.

मी रहिमतपूर भागातला, स्वतःची आलं-ऊस-घेवडा अशी शेती, आणि ओळखीपाळखीतल्यांबरोबर जमीन बघायला जायचं काम हळूहळू गळ्यात पडलेलं. एजंट नाही, त्यामुळं व्यवहार झाला काय आणि मोडला काय, माझं काही जात नाही.

भावाचं आधी उरकतो. एकाच शिवारात रस्ता, पाणी आणि भाऊबंदकी यावरून भाव दुप्पट नाहीतर निम्मा होतो, त्यामुळं रान न बघता ३२ बरोबर का चूक हे कुणी सांगत असेल तर तो अंदाजपंचे बोलतोय. मला खटकतंय ते वेगळंच. ३८ मधले ३२ जमिनीत घातले, मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, मोजणी यात दोन-अडीच लाख गेले की हातात राहतात साडेतीन. एवढ्यात घर, पाइपलाइन, मोटर, ठिबक आणि एक अख्खा हंगाम बसत नाही. मग माणूस पहिल्याच वर्षी उसनवारी करून आलं लावतो, दर पडला की दुसऱ्या वर्षी तेच रान विकायला काढतो, आमच्या भागात अशी दोन-तीन रानं तुम्हाला आजही दाखवता येतील. माझं मत विचाराल तर जमिनीला २६ च्या वर जाऊ नका, आणि मालक खाली येत नसेल तर त्याला म्हणा दोन एकरच दे. तुकडेबंदीची, म्हणजे फार लहान तुकडा विकायला बंदी घालणाऱ्या कायद्याची, आडकाठी त्यात येत नाही, २०२३ पासून आपल्या जिल्ह्यात जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे एवढंच किमान क्षेत्र आहे. हिस्सा मोजून नकाशा करून घ्यावा लागेल एवढंच. पाणी असलेले दोन एकर बिनपाण्याच्या सव्वातीनपेक्षा कधीही बरे.

आता नावाचं, कारण इथं तुमचा पाय घसरायची शक्यता जास्त आहे. आपल्याकडं कुळकायद्याच्या कलम ६३ मुळं शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि घेतली तर कलम ८४क खाली तहसीलदार तो व्यवहार बेकायदा ठरवू शकतो, जमीन सरकारजमा होऊ शकते. तुमच्या घरात शेतकरी तुम्ही आहात, दाजी नाहीत. म्हणून खरेदी तुमच्या एकटीच्या नावावर करा. जोडनावानं घ्यायची हौस असेल तर आधी वकिलाला विचारा. आणि भावाच्या हक्कसोडीवर आत्ता सही करू नका. नंतर द्यायची का नाही तो तुमचा आणि माहेरचा प्रश्न, त्यात मी पडत नाही, पण तुमचं शेतकरीपण त्या शिराळ्याच्या सातबाऱ्यावर टेकलेलं आहे, या रानाची नोंद तुमच्या नावावर मंजूर होईपर्यंत ते नाव तिथनं हलता कामा नये. भावाला सरळ सांगा, एवढं होऊदे मग बसून बोलू.

सातबारा तुम्ही ऑनलाइन बघितलाय म्हणता, पण नुसत्या आजच्या उताऱ्यावर जाऊ नका. भोगवटादार वर्ग १ आहे का बघा, वर्ग २ असेल तर परवानगी लागते आणि त्यात वर्ष जाऊ शकतं. मग इतर हक्काचा रकाना ओळीनं वाचा, तिथं सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, कधी जुन्या कुळाचं नाव असतं. आपल्या भागात आणखी एक शेरा हमखास सापडतो तो धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा, धोम, कण्हेर, उरमोडी असल्या धरणांच्या लाभक्षेत्रातल्या बऱ्याच गटांवर हस्तांतरणाला बंदी असा शेरा असतो. मालक म्हणणार ते जुनं आहे, काही होत नाही. जुनं असू दे, कमी करून घे आणि मग ये म्हणायचं. वकिलाकडनं मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध, म्हणजे सर्च, घ्या, आणि मागचे सगळे फेरफार, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदी, काढा. त्यात बघायचं काय, तर मालकाच्या वडिलांच्या वारसांत किती बहिणी होत्या आणि त्या आता कुठं आहेत. बहिणींची नावं वारसनोंदीत लावलीच नाहीत अशा गोष्टी जुन्या फेरफारांत ढिगानं आहेत, आणि मुलीचा हक्क आता पक्का आहे, उद्या एखादी आत्या दावा घेऊन दारात उभी राहिली तर ती तुमच्या दारात राहील.

हां, आणि क्षेत्र. तुम्ही सव्वातीन एकर लिहिलंय आणि उताऱ्यावर १.३० आहे म्हणता. म्हणजे १ हेक्टर ३० आर. गावात लोक एक आर म्हणजे एक गुंठा धरतात आणि १३० गुंठे म्हणजे सव्वातीन एकर असा हिशोब सांगतात. खरं बघायला गेलं तर ते एकशे साडेअठ्ठावीस गुंठे, म्हणजे तीन एकर साडेआठ गुंठे. फरक दीडच गुंठ्याचा, पण त्याच उताऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, किती लावलाय तो बघा, ओढ्याकडंचा कातळ आणि चर पण तुम्ही चांगल्या रानाच्या भावानं घेताय का ते कळेल. सरकारी मोजणी मालकाच्या अर्जानं आणि विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, मोठा द्यायच्या आधी करून घ्या. मोजणीच्या दिवशी दाजींना तिथं उभं राहू द्या. शेजाऱ्यांना नोटिसा गेलेल्या असतात, कोण येतो, कोण बांधावर उभा राहून कुरकुरतो, कुणाचा नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतो, हे त्या दोन तासांत जेवढं कळतं तेवढं कागदावरनं कळत नाही.

रस्त्याचं पण तिथंच विचारून घ्या. ट्रॅक्टर आत्ता जातोय म्हणजे रस्ता आहे असं नाही, तो शेजाऱ्याच्या मर्जीनं जात असेल. गावनकाशावर गाडीवाट दाखवलीय का, नसेल तर वहिवाट कुणाच्या बांधावरनं आहे ते खरेदीखतात लिहून घ्या. रस्ता मागायला जमीन महसूल कायद्याचं कलम १४३ आहे, वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट आहे, पण नव्या माणसानं गावात शिरताना पहिलं काम तहसीलला केस घालायचं करू नये.

आता पाणी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

दिवाळीत आमच्या पट्ट्यातली कुठलीही विहीर भरलेलीच असते. परतीचा पाऊस नुकताच जिरलेला असतो, वर धोमच्या कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, चालू असलं की आजूबाजूच्या विहिरी आपोआप वर येतात. ते पाणी तुमच्या विहिरीचं नाही, कालव्याचं आहे. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, पाणी धरून ठेवतो तो वरचा मुरूम आणि फुटलेला, भेगाळलेला दगड. तो थर किती जाड आणि झरे कुठनं येतात यावर विहिरीचं आयुष्य. म्हणून नुसतं किती फूट पाणी आहे हे विचारून उपयोग नाही, उपसल्यावर किती वेळात किती भरतं ते विचारायचं. आणि तेही मे महिन्यात.

करायचं असं. मालकाला सांगून मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस ठरवा. वीज असेल त्या पाळीत मोटर लावून पाणी फुटबॉलच्या अगदी जवळ येईपर्यंत उपसा, फुटबॉल म्हणजे पाइपच्या टोकाचा झडपेचा भाग, तो उघडा पडू द्यायचा नाही. मोटर बंद केली की पाणी जिथं टेकलंय तिथं दगडावर चुन्याची खूण करा, किंवा दोरीला दगड बांधून माप घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत माप. समजा विहीर २० फूट व्यासाची गोल आहे, तर एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ ९ हजार लिटर. रात्रीत चार फूट चढलं तर ३६ हजार लिटर, त्यातला तुमचा निम्मा हिस्सा म्हणजे १८ हजार. भर उन्हाळ्यात ठिबकवरसुद्धा वाढीला लागलेल्या उसाला एकरी दिवसाला ढोबळ मानानं २०-२५ हजार लिटर लागतात. म्हणजे असल्या विहिरीवर तुमचा एक एकर ऊस पण नीट जगणार नाही, सव्वातीन एकर बागायत विसरा. आणि चारऐवजी दहा फूट चढलं तर मग गणित पूर्ण बदललं, तिथं मी भावात चार पैसे जास्त द्या म्हणीन. मालक मेमध्ये उपसून दाखवायला तयार नसेल, तर समजून जा. त्या वेळी शेजारच्या दोन विहिरी आणि जवळपासचे बोअर पण बघून या, शेजाऱ्यानं खोल बोअर मारल्यावर विहिरीचे झरे तुटल्याची तक्रार गावोगाव ऐकायला मिळते.

निम्मा हिस्सा म्हणजे नक्की काय हे पण उलगडून घ्या. दिवसाआड पाळी का आठवड्याची? मोटर एकच आहे का दोघांची वेगळी? कनेक्शन कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर थकबाकी किती आहे? पाइपलाइन कुणाच्या रानातनं येते? उन्हाळ्यात गाळ काढायचा खर्च कुणी करायचा? हे सगळं तोंडी चालत आलेलं असतं आणि दोन चुलतभावांत ते चालतं, तुम्ही पुण्याच्या पाव्हण्या, तुमच्याशी ते तसंच चालेल असं धरू नका. खरेदीखतात विहीर हिस्सा, पाळीचे दिवस, पाइपलाइन, मोटर, वीज कनेक्शन, घर, झाडं, सगळं नाव घेऊन लिहायचं. "विहीर व झाडाझुडपांसह" एवढी एक ओळ टाकून लेखनिक मोकळा होतो, त्यावर भागवू नका. विसार देताना नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढं खरेदी करायचा करार, करा आणि पैसे बँकेतनंच द्या, स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेणं तसंही इन्कम टॅक्सच्या कायद्यात बसत नाही.

माती बघायला लांब जायला नको. तीन ठिकाणी कुदळीनं तीन फूट खड्डा घ्या, एक वरच्या अंगाला, एक मध्ये, एक खालच्या चिंचोळ्या कोपऱ्यात. काळी किती, मुरूम कुठं लागतो, पांढरे चुनखडीचे खडे किती निघतात ते डोळ्यांनी दिसतं. खालच्या कोपऱ्यात वरती पांढरट पापुद्रा धरलेला दिसला, किंवा उन्हाळ्यात पण पाय दबतोय, तर तिथं क्षार साठतायत. सांगलीकडं वाळवा, मिरज, पलूसच्या नदीकाठच्या रानांत जास्त पाण्यानं हेच झालंय आणि आता लोक सच्छिद्र पाइप गाडून निचरा काढतायत, खर्चिक काम आहे. माती परीक्षण आणि पाणी परीक्षण दोन्ही करा, नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याच्या जागेचा घेऊ नका. बोरगावला किंवा कालवड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं रिपोर्ट घेऊन गेलात तर माणसं बसवून समजावून सांगतात.

आता समजा हे सगळं पार पडलं आणि जमीन तुमची झाली. खरेदीची नोंद झाली की फेरफार धरला जातो, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडल अधिकारी मंजूर करतो. त्यात ढिलाई करू नका, सातबाऱ्यावर नाव आल्याशिवाय शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही आणि त्याशिवाय आता कुठल्याच योजनेचा अर्ज पुढं सरकत नाही.

घर आधी का ठिबक आधी, तर माझं उत्तर दोन्ही नाही. पहिला पैसा विहिरीचा गाळ, पाइपलाइन आणि बांधबंदिस्तीला. पावसाळ्यात छत्री घेऊन रानात उभं राहा आणि पाणी कुठनं शिरतं, कुठनं माती घेऊन जातं ते बघा, मग चर आणि ताली, म्हणजे माती अडवणारे बांध, कुठं घालायचे ते आपोआप कळतं. कोरडं रान बघून आखणी करणारा जेसीबीवाला पैसे घेऊन जातो आणि पुढच्या जूनमध्ये ताल फुटते.

घराला पहिल्या वर्षी फक्त गळती थांबवा. फुटकी कौलं बदला, कुजलेले वासे आणि रिपा काढा, वाळवी कुठवर गेलीय ते टोचून बघा. एक खोली आणि संडास-बाथरूम राहण्यासारखं करा, बस्स. दगडमातीच्या भिंतीला बाहेरनं सिमेंटचा गिलावा मारायचा सल्ला गवंडी हमखास देणार, ऐकू नका, आत ओल कोंडते आणि भिंत आतनं भुसभुशीत होते, चुन्याचा किंवा मातीचाच करा. स्लॅबचं घर डोक्यात असेल तर वर्षभर तिथं राहून ऊन-वारा कळल्यावर बघा. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर घरातले दिवे लावू नका, घरगुती मीटर वेगळं घ्या. शेतीची थ्री फेज लाइट आठवडा आलटून पालटून दिवसाची नाहीतर रात्रीची असते, रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी कोण धरणार हे दोघांनी आत्ताच ठरवलेलं बरं.

ठिबक घ्या, पण अनुदानानं घ्या. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला राज्याची जोड धरून ८० टक्क्यांपर्यंत मिळतं. अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी हाच क्रम, आधी विकत आणून नंतर अर्ज केला की हात हलवत बसायचं. पाण्याची सोय कागदावर दाखवावी लागते, सामाईक विहीर असली की हिस्सेदाराचं संमतीपत्र लागतं, म्हणून विहिरीच्या त्या हिस्सेदाराशी पहिल्या दिवसापासून चहापाणी ठेवा.

आल्याचं म्हणाल तर पहिल्या वर्षी नको. सातारी आल्याला नाव आहे हे खरं, पण ते पीक नवख्याचं नाही. एकराला आठ-दहा क्विंटल बेणं लागतं, वर शेणखत, गादीवाफे, ठिबक, औषधं, खर्च लाखांत जातो, आणि विकताना दर गाडीवर ठरतो, गाडी म्हणजे ५०० किलो, तो दर वर्षावर्षाला असा खालीवर होतो की जुनेजाणते पण हात भाजून घेतात. निचरा चुकला की कंदकुज लागते आणि डोळ्यासमोर वाफे पिवळे पडत जातात. शिवाय त्या रानात मागच्या दोन-तीन वर्षांत आलं झालेलं असेल तर परत लगेच नको. ते कळायला मालकाला विचारायची गरज नाही, सातबाऱ्याच्या बाराच्या भागात वर्षवार पीक लावलेलं असतं, ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरनं पीक नोंदवायची सरकारी सोय, आल्यापासून तर फोटोसकट.

पहिल्या खरिपात अर्ध्या रानात सोयाबीन किंवा घेवडा, अर्ध्यात ताग. ताग ४५-५० दिवसांनी फुलोऱ्याच्या तोंडावर हिरवळीचं खत म्हणून गाडायचा. रब्बीत शाळू नाहीतर हरभरा. पैसा फार सुटणार नाही, पण मजुरीला बाई कोण चांगली, ट्रॅक्टर वेळेवर कुणाचा येतो, कुठला वाफा पाणी धरतो, हे वर्षभरात कळलं की तिसऱ्या हंगामात दहा गुंठे आलं लावून बघा. तुम्ही शनिवार-रविवारच येणार असाल तर रान निम्म्या वाट्यानं कसायला देऊन टाका, त्यात कमीपणा नाही, फक्त ई-पीक पाहणी स्वतःच्या मोबाइलवरनं स्वतःच्या नावानं करायची, वाटेकऱ्यावर सोडायची नाही. आणि नोकरी दोघांनी एकदम सोडू नका, एकाचा पगार निदान दोन वर्षं चालू पाहिजे.

गाई मात्र तुमच्यापैकी एकजण तिथं राहायला आल्याशिवाय नको. डेअरीला दूध सकाळी सहा-सातला घालावं लागतं आणि संध्याकाळी परत, दुभत्या गाईला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा लागतो, आणि गाय आजारी पडायला शनिवार-रविवार बघत नाही. माणूस ठेवून करू म्हणाल तर त्याचा पगार दोन गाईंच्या दुधात निघत नाही, हिशोब घालून बघा. तोवर करायचंच असेल तर विहिरीजवळ पाच-सात गुंठ्यांत नेपियर गवताची कांडी लावून टाका, शेजारचे गोठेवाले उभा चारा विकत नेतात, आणि गाई आणायची वेळ येईल तेव्हा दावणीला बांधायच्या आधी चारा रानात तयार असेल.